हलकी फुल-सस्पेन्शन माउंटन बाइक: १२० की १४० मिमी ट्रॅव्हल?

प्रश्न: सहा वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवली, आता कंबर कुरकुरते. ट्रेलसाठी (कच्च्या वाटांसाठी) १३ किलोच्या आतली फुल-सस्पेन्शन, म्हणजे मागेही सस्पेन्शन असलेली, हवीय. चढ मी उतरून ढकलत नाही, हट्टच आहे तो. मागे १२० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचं अंतर) पुरेल? आणि कार्बन फ्रेम घ्यावीच का?

उत्तर: चढाची एवढी हौस असेल तर १२० पुरे, पुढे १३० चा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) बघा. माझी १५० ची होती. उतारावर राणी, चढावर म्हैस. विकली.

उत्तर: कार्बनआधी चाकं नि टायर बघा, तिथलं वजन वेग घेताना लगेच जाणवतं. ट्यूबलेस करा, हवा कमी ठेवता येते आणि पकड वाढते. पण हलके म्हणून पातळ कडांचे टायर नकोत. मी घेतले, दुसऱ्याच राइडला दगडाने कड फाडली. आणि वजन वाचवायला ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच खाली-वर करता येणारी सीटची दांडी) काढू नका हो!

प्रश्नकर्ता: बरं, सॅग (नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) किती ठेवू?

उत्तर: मागे २५ ते ३० टक्के. शॉकचा (मागच्या सस्पेन्शनचा) स्ट्रोक, म्हणजे तो दबू शकतो ती लांबी, ५० मिमी असेल, तर पाण्याची बॅग पाठीवर घेऊन बसल्यावर शॉकवरची रबरी रिंग १३ ते १५ मिमी सरकायला हवी. शॉक पंप वेगळा घ्या, चाकाच्या पंपाने ते जमत नाही.