दत्तक घेतलेली इग्वाना : जबडा मऊ, खात नाही. आधी काय करायचं?

बोरिवलीकर
ग्रीन इग्वाना (पाला खाणारा मोठा सरडा), बहुधा मादी, वय साधारण तीन वर्षं. आधीच्या घरी तीन फुटी काचेच्या फिशटँकमध्ये होती. वर ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब, यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) काहीच नाही. खाणं पालक, काकडी, केळं आणि मधूनमधून उकडलेलं अंडं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३० सेंमी, वजन ६२० ग्रॅम. खालचा जबडा हलकेच दाबला तरी लवतो. मांड्या फुगीर पण कडक आहेत, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसतात, मागच्या पायांची बोटं थरथरतात. दोन बोटांवर जुनी कात अडकली आहे. शीसोबत येणारा पांढरा भाग पिवळट, खडूसारखा आहे. काल घरी आणली, शेवग्याचा पाला ठेवला, तोंड लावत नाही. मेडिकलमधलं कॅल्शियम सिरप सुरू करू का? सिरिंजने भरवू का? पावसामुळे ऊन मिळत नाही.

सरडेवाला
सिरिंज आणि सिरप दोन्ही आज बाजूला ठेवा. तो जबडा हाडाचा राहिलेला नाही, जबरदस्तीने तोंड उघडलंत तर मोडेल.

लक्षणं चयापचयी अस्थिरोगाची आहेत. अन्नात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, आणि यूव्हीबी नसल्याने त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते काढत राहते आणि मोकळ्या झालेल्या जागी तंतू भरतात. मांडी गुबगुबीत दिसते ती त्यामुळेच. बऱ्याच जणांना ती तब्येत वाटते आणि दुखणं महिनोन् महिने नजरेआड राहतं. बोटं थरथरतात याचा अर्थ आता रक्तातलं कॅल्शियमही घसरतंय. म्हणून आज, फार तर उद्या, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्याच. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात जाणार असाल तर आधी फोन करून असा डॉक्टर कोणत्या वेळी असतो ते विचारा. एक्स-रे, रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड आणि शीची तपासणी सांगा. पिवळट खडू म्हणजे शरीरात पाणी कमी आहे. वर आधीच्या घरी अंडी खाऊ घातली आहेत, त्यामुळे मूत्रपिंड तपासणं सोडू नका.

घरी क्रम असा : आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. अंग थंड असेल तर पोटातला पाला पचत नाही, सडतो. बसायच्या जागी ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२७, रात्री २४ च्या खाली नाही. त्या खोलीत एसी नको. रोज एकदा ३०-३२ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं, पाणी तिच्या कोपरापर्यंतच, हनुवटी वर राहील इतकं. टबापासून हलू नका, अशक्त इग्वाना उथळ पाण्यातही बुडते. उचलताना छाती आणि कंबर दोन्हींखाली हात, शेपूट कधीच धरायची नाही.

हाडं वर आलेल्या उपाशी प्राण्याला एकदम पोटभर दिलं तर रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतात, त्यातही प्राणी दगावतो. पातळ रिकव्हरी फॉर्म्युला (आजारी प्राण्यांसाठीचं तयार खाणं) किती आणि कधी द्यायचा ते डॉक्टर वजनावरून ठरवतील. सुरुवात गरजेच्या पूर्ण मात्रेने होत नाही.

सिरपबद्दल : बाटलीमागचं वाचा. बऱ्याच सिरपांत कॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणजे जो फॉस्फरस आधीच जास्त झालाय तोच परत घातला. आणि माणसांची ६०,००० युनिटची डी३ पुडी चुकूनही नको. जादा डी३ने कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं, ते मागे फिरवता येत नाही.

छतावरचं_ऊन
प्रकाशाचं बोलतो. टी५ एचओ (बारीक, जास्त प्रखर) ट्यूब, १२ टक्के यूव्हीबी, मागे रिफ्लेक्टर, पाठीपासून ४० ते ४५ सेंमीवर. मध्ये जाळी असेल तर ती बराच यूव्हीबी खाते, मग ट्यूब आतच बसवा. पण तिच्यापर्यंत चढता येणार नाही अशी. मीटर मिळाला तर बसायच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ ते ५ हवा. पिळदार सीएफएल यूव्हीबी बल्ब एवढ्या मोठ्या प्राण्याला पुरत नाही, दुकानदार काहीही म्हणो. ट्यूब दर १२ महिन्यांनी बदला. उजेड दिसत राहतो, यूव्हीबी संपलेला असतो. उष्णतेचा बल्ब ट्यूबच्या शेजारीच लावा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळतात. १२ तास चालू, रात्री पूर्ण अंधार. लाल बल्ब आणि गरम होणारा दगड नको, पोट भाजलं तरी ती उठत नाही.

पाऊस उघडला की सकाळी ८ ते १० दरम्यान २०-३० मिनिटं तारेच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून. बंद खिडकीतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि फिशटँक उन्हात ठेवलात तर ती आत शिजेल.

दमटपणाची मुंबईत चिंता नाही, पावसाळ्यात उलट हवा खेळती ठेवा, नाहीतर कातडीवर बुरशी येते. तळाला सध्या वर्तमानपत्र. फांदी जमिनीपासून फूटभरच उंच, पडली तर हाड मोडेल. जानेवारीत तुमच्या बाजूला पहाटे पारा १८ च्या आसपास उतरतो, त्यासाठी थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर आत्ताच घेऊन ठेवा. महापालिकेची धूरफवारणी आली की खिडक्या बंद. डासांचं लिक्विड मशीनही त्या खोलीत नको, दोन्हींत पायरेथ्रॉइड कीटकनाशकं असतात.

अडकलेली कात ओढू नका. आंघोळीनंतर मऊ टूथब्रशने रोज थोडी. बोट काळं किंवा सुजलेलं असेल तर ते डॉक्टरांचं काम.

भाजीमंडई
शेवगा बरोबर निवडलात. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. आपल्या बाजारातलं चालणारं : शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, सलगमचा पाला, तबेल्याजवळ मिळणारा लसूणघास. सोबत किसलेला लाल भोपळा, फरसबी, दुधी. पालक, चुका, चाकवत, राजगिरा, माठ यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकतं, म्हणून सध्या पूर्ण बंद. अळू तर कधीच नाही. केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, तेही नको. अंडं, मांस, मांजराचं खाणं कायमचं बंद.

तोंड लावत नसेल तर जास्वंदीचं लाल फूल वर ठेवून बघा, बहुतेक त्यालाच पहिला घास घेतात. जबडा दुखतो, म्हणून देठ काढून पानं बारीक चिरा आणि वर पाण्याचा फवारा मारा. चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट रोज. समुद्रफेण कुटूनही चालतो, तो मुख्यतः तेच असतो. मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

रुळांकडेच्या मळ्यातली भाजी घेऊ नका. सोसायटीच्या जास्वंदीवर औषध मारतात का, ते माळ्याला विचारा.

बोरिवलीकर
डॉक्टरांनी आजच बघितलं. रक्तात कॅल्शियम कमी आहे, तोंडावाटे द्यायचं कॅल्शियम आणि त्वचेखाली सलाइन सुरू केलंय. हाडं एक्स-रेत फिकट, पोटात बीजकोश (ज्यांतून अंडी तयार होतात ते) मोठे दिसतात. नर कधी नव्हता, तरी अंडी? आणि सुधारणा कशावरून ओळखायची?

सरडेवाला
हो, नराशिवायही अंडी धरतात, एका वेळी २० ते ४० किंवा जास्त. कवचासाठी कॅल्शियम तिच्याच हाडांतून जाणार, म्हणून हे डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या. ओलसर माती-वाळूचं, तिचं पूर्ण अंग मावेल असं झाकलेलं खोकं ठेवा. पोट फुगलंय, खोदतेय, पण अंडी येत नाहीत आणि ती मलूल पडलीय असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

खूण पाहायची ती अशी : थरथर आधी थांबते, काही दिवसांत. मग युरेट, म्हणजे शीसोबतचा तो भाग, पांढरा आणि मऊ. मग पोट जमिनीवरून उचलून चालणं. जबडा कडक व्हायला महिने जातात, वाकलेला आकार तसाच राहू शकतो. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, आंघोळीआधी किचनच्या काट्यावर वजन. एका आठवड्यात एकदम वाढलं तर आनंदाआधी अंडी किंवा पोटात पाणी तर नाही ना, ते तपासा. औषधं मात्र थरथर थांबली म्हणून थांबवू नका.

हात लावल्यावर साबणाने धुवा आणि तिचा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या शीतूनही येतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला दूरच ठेवा.

कागदपत्रं
एक राहिलं. ग्रीन इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येते. केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी आणि मालकी बदलाची नोंद दोन्ही लागतात. आधीच्या मालकाकडून कागद आत्ताच मागून घ्या, नंतर लोक फोन उचलत नाहीत. नोंदणी झालेलीच नसेल तर तसं लेखी घ्या आणि वन विभागाशी बोला, हेल्पलाइन १९२६.