नदीकाठच्या स्कीममध्ये फ्लॅट घ्यायचाय, निळी-लाल पूररेषा कशी बघायची?

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. पुण्यात मुठेच्या काठाला एका मोठ्या स्कीममध्ये टूबीएचके बघितलाय, चार टॉवर, नदीच्या बाजूला बाग, पार्किंग, जॉगिंग ट्रॅक. सेल्सवाला म्हणतो सगळं सँक्शन आहे, महारेरा नंबरही आहे. पण लेआउटचा नकाशा मागून घेतला तर बाग आणि पार्किंग निळ्या रेषेच्या आत, आणि लाल रेषा 'बी' नावाच्या टॉवरच्या पलीकडून, म्हणजे तो टॉवर दोन रेषांच्या मधे. गावचं घर विकून पैसे लावतोय त्यामुळे झोप उडालीये. असं बांधायला परवानगी असते का?

नकाशावाला:
असते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २०२० च्या युनिफाइड नियमावलीप्रमाणे (राज्याचे बांधकामाचे एकत्रित नियम) नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथं नवीन इमारत नाही, पण बाग, लॉन, पार्किंग, स्मशानभूमी, मैलापाणी प्रकल्प असलं चालतं. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथं बांधकाम लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर करायचं. आणि मेख अशी की रेषेत अडकलेल्या जागेचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, उरलेल्या प्लॉटवर वापरता येतो, म्हणून बिल्डरला नदीकाठची जमीन परवडते आणि टॉवर उंच जातात. तुमचा लेआउट ऐकून तरी नियमात बसतोय. फक्त मंजूर नकाशावर दोन्ही रेषांची आरएल, म्हणजे मोजलेली उंचीची पातळी, लिहिलीये का आणि जोत्याची आरएल किती ते स्वतः बघा, ब्रोशरवर जाऊ नका.

सिंहगडरोडकर:
दादा नियम बरोबर आहे पण मी त्या रेषेच्या भरवशावर राहून बघितलंय. २५ जुलै २०२४ ला पहाटे आमच्या भागात पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता, आणि मुठेची निळी रेषा आखलीये ६० हजाराला, लाल १ लाखाला!! म्हणजे निळ्या रेषेचं पाणी यायच्या कितीतरी आधी आमच्या गाड्या बुडाल्या. कारण रेषा कागदावर आहे तिथंच राहिली आणि पात्रात मात्र ट्रकच्या ट्रक राडारोडा पडत गेला, भराव झाला, पाण्याला जायला जागाच उरली नाही, मग कमी विसर्गात पण पातळी वर चढते. त्यात धरणाच्या खालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं, ते धरणाच्या आकड्यात धरलेलंच नसतं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, घरात थेंब नाही आला, पण लिफ्टच्या खड्ड्यात चिखल, मीटर रूम पाण्यात, खालची टाकी गढूळ, चार दिवस वीज नाही आणि सासूबाईंना नेब्युलायझर लागतो. पाणी ओसरल्यावर पार्किंगच्या खांबांवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ उमटली होती, रंग दिला तरी ओल येऊन परत दिसते. माझ्यासाठी खरी पूररेषा तीच. तुमचं जोतं वर असेल हो, पण मीटर, पंप, जनरेटर कुठं ठेवलेत ते विचारा.

इंद्रायणी_तीर:
पिंपरी-चिंचवडच्या चिखलीचं पण लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले, हरित लवादाचा आदेश सुप्रीम कोर्टातही टिकला. तिथं मूळ परवानगीच नव्हती, तुमची केस वेगळी आहे, पण खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे बांधकाम कायदेशीर असं अजूनही खूप जण धरून चालतात आणि ते साफ चूक आहे. झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) आणि जलसंपदा खात्याच्या पूररेषेचा नकाशा दोन्ही स्वतः काढा, वकिलाला दाखवा.

वीकेंडप्लॉट:
मी पानशेतच्या बॅकवॉटरला प्लॉट बघतोय, तिथंही हेच का?

नकाशावाला:
तिथं आधी संपादनाची हद्द बघा, म्हणजे धरणासाठी सरकारनं कुठपर्यंत जमीन घेतलीये ते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जी सपाट काळी जमीन उघडी पडते ती गाळपेराची, सरकारच्या मालकीची, हंगामापुरती कसायला देतात. "पाण्यापर्यंत आपलाच प्लॉट" असं कोणी दाखवत असेल तर सातबारा आणि मोजणी झाल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि सिंहगडरोडकर, तुमचा पात्राचा मुद्दा अगदी खरा आहे. पूररेषेचा सर्व्हे कोणत्या वर्षीचा हे पण विचारायला हवं, माझ्या लिहिण्यातून राहिलं.

मुठाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल साइटवर परत गेलो. जोतं लाल रेषेच्या पावणेदोन फूट वर आहे, नकाशावर आरएल सापडली. पण मीटर रूम आणि जनरेटर दोन्ही खालच्या पार्किंगमध्येच, नदीच्या बाजूला. ते वर घेणार का हे मेलवर लेखी विचारलंय, तोपर्यंत टोकन थांबवलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.