बेळगाव-बेंगळूर: ४४५ किलोमीटरला सव्वा तास का?

"४४५ किलोमीटर भागिले ८००, म्हणजे ३३ मिनिटं, मग तिकिटावर सव्वा तास का?" बेळगाव-बेंगळूर विमानाबद्दल असा प्रश्न पडतो, पण हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक तर ताशी ८०० किलोमीटर हा जेटचा वेग झाला. पंख्याचं एटीआर ७२ जातीचं विमान असेल तर वरती ताशी ५०० च्या आसपासच धरा, म्हणजे नुसत्या अंतराचीच ५३ मिनिटं झाली. आणि तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, ते तिकडे जागेवर उभं राहीपर्यंत. बेंगळूरला उतरल्यावर धावपट्टीवरून उभं राहायच्या जागेपर्यंतच चांगली दहा मिनिटं जातात, तीही यातच. जेट असलं तरी फार वाचत नाही, कारण एवढ्या कमी पल्ल्यात चढणं-उतरणंच जास्त.

परतीचं एक सांगायचं राहिलं. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, आणि विमान उतरवतात वाऱ्याच्या तोंडावर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे बेंगळूरहून आलेलं विमान पूर्वेकडून जवळजवळ थेट उतरतं. थंडीत वारा पूर्वेचा असला की शहराच्या बाजूने वळसा घालून पश्चिमेकडून यावं लागतं, त्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. खानापूर-निपाणीकडून लांबून येणाऱ्यांनी मात्र या मिनिटांपेक्षा चेक-इनकडे बघावं; ते साधारण तासभर आधी बंद होतं.