डिजिटल पत्त्यांचे खेळ मूळ कथाविश्वाशी कितपत प्रामाणिक राहतात?

ग्रंथकीटक (प्रश्न):

विचर मालिकेच्या कादंबऱ्या वाचून झाल्यावर मी त्याच विश्वावर बेतलेल्या 'ग्वेंट' या डिजिटल पत्त्यांच्या खेळाकडे वळलो आणि तेव्हापासून एक गोष्ट सतत खटकत आहे. कादंबरीतला गेराल्ट राक्षस मारण्याचे पैसे घेतो आणि राजेरजवाड्यांच्या भांडणांपासून शक्यतो चार हात लांब राहतो. खेळात तो तटस्थ पत्ता आहे, म्हणजे कोणत्याही गटाच्या डेकमध्ये (खेळाडूने खेळण्यासाठी निवडलेल्या पत्त्यांच्या गड्डीत) त्याला घेता येते. इथपर्यंत सारे कथेला धरून आहे. पण याच नियमामुळे तो राक्षसांच्या डेकमध्येही बसतो आणि ज्यांची मुंडकी आणून दाखवल्यावर त्याला मोबदला मिळायचा, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून समोरच्या माणसांवर तुटून पडतो.

दुसरी अडचण अशी की, मूळ म्हणायचे तरी कशाला? आंद्रझेई सापकोव्स्की यांच्या १९९६ सालच्या 'बाप्टिझम ऑफ फायर' या कादंबरीत ग्वेंटचा उल्लेख ड्वार्फ या बुटक्या जमातीचा पत्त्यांचा खेळ म्हणून येतो, मात्र त्याचे नियम तिथे नीट मांडलेले नाहीत. आज आपण खेळतो तो खेळ २०१५ च्या 'द विचर ३' या व्हिडिओ गेममधला विरंगुळा म्हणून जन्माला आला आणि २०१८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये आलेला सिंडिकेट हा नोव्हिग्राड शहरातल्या टोळ्यांचा गट तर कादंबऱ्यांपेक्षा त्या व्हिडिओ गेमलाच जास्त जवळचा आहे.

माझा प्रश्न असा आहे: चित्र, नाव आणि पत्त्याच्या तळाशी छापलेल्या दोन ओळी जुळल्या की खेळ कथेशी प्रामाणिक झाला असे मानायचे, की पत्त्याच्या नियमातही कथा उतरली पाहिजे? आणि तशी ती खरोखर उतरलेले पत्ते कोणते? केवळ ग्वेंटमधलेच नव्हे, इतर खेळांतली उदाहरणेही चालतील.

पाने_पिसणारा:

माझ्या मते चित्र आणि नाव हा भाग सर्वांत सोपा असतो, कारण त्यासाठी एक चांगला चित्रकार पुरेसा होतो. पात्राचा स्वभाव नियमात उतरवणे अवघड असते, आणि ते जमले आहे की नाही हे ओळखण्याची माझी पद्धत अशी: पत्त्यावरचे नाव आणि चित्र झाकावे, फक्त नियम वाचावा आणि तो कोणाचा असेल हे ओळखता येते का ते पाहावे.

तुम्ही 'द विचर ३' चे नाव घेतलेच आहे, तर त्यातला शाहीर डँडेलियनचा पत्ता पाहा. त्याची स्वतःची ताकद फक्त २ आहे, म्हणजे लढाईत या माणसाचा काडीचाही उपयोग नाही. पण तो ज्या रांगेत उभा राहतो त्या रांगेतल्या इतर सैनिकांची ताकद दुप्पट होते. शाहिराचे हे इतके नेमके वर्णन मी एखाद्या परिच्छेदातही क्वचितच वाचले असेल.

'हार्थस्टोन'मध्ये, म्हणजे वॉरक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या विश्वावर बेतलेल्या आणि २०१४ मध्ये आलेल्या खेळात, अशा पत्त्यांची रेलचेल आहे. लीरॉय जेन्किन्स घ्या. २००५ च्या प्रसिद्ध व्हिडिओत सगळे सोबती हल्ल्याची योजना आखत बसलेले असताना हा गडी स्वतःचे नाव ओरडत एकटाच आत घुसतो, ड्रॅगनची पिल्ले चवताळून उठतात आणि सगळ्यांचाच निकाल लागतो. पत्त्यावर त्याचा हल्ला ६ आहे आणि आयुष्य केवळ २. तो उतरला त्याच क्षणी वार करू शकतो, पण त्याच्या येण्याने प्रतिस्पर्ध्याला ड्रॅगनची दोन पिल्ले फुकट मिळतात. शौर्य, घाई आणि सोबत्यांच्या गळ्यात पडणारी आफत हे तिन्ही त्या एका ओळीत आले आहे.

रॅग्नरॉसचे उदाहरण याहून सरस वाटते. वॉरक्राफ्टमधल्या मोल्टन कोअर या ठिकाणी हा अग्निदेव लाव्हाच्या डोहात उभा असतो आणि तिथून हलत नाही. त्याच्या पत्त्याचा नियम सांगतो की त्याला हल्ला करता येत नाही, पण तुमच्या प्रत्येक खेळीच्या शेवटी तो समोरच्या कोणाही एकावर ८ इतका घाव घालतो. पुढे २०१५ मध्ये त्याच्या कारभाऱ्याचा, म्हणजे मेजरडोमो एक्झिक्युटसचा, पत्ता आला: तो मेला की तुमचा नायक नाहीसा होतो आणि त्याच्या जागी खुद्द रॅग्नरॉस येतो, पण अवघे ८ आयुष्य घेऊन. मूळ प्रसंगात एक्झिक्युटस त्याला बोलावतो, तेव्हा आपल्याला वेळेआधी जागे केले म्हणून रॅग्नरॉस त्यालाच जाळून टाकतो. ते 'वेळेआधी' या ८ च्या आकड्यात आहे. देव मिळतो खरा, पण अर्धवट झोपेतला मिळतो.

आणखी एक गंमत सांगतो. काळाचा रक्षक असलेला ड्रॅगन नोझडॉर्मू पटावर असेपर्यंत दोन्ही खेळाडूंना प्रत्येक खेळीसाठी फक्त १५ सेकंद मिळतात. छापील पत्त्यांत असा नियम राबवायला कोणीतरी घड्याळ हातात घेऊन शेजारी बसावे लागेल. कथेशी इमान राखण्याची ही तऱ्हा केवळ डिजिटल खेळालाच साधते.

तराजू:

वरील उदाहरणे उत्तम आहेत, परंतु ती वेचून काढलेली आहेत. एका डँडेलियनमागे असे अनेक पत्ते निघतील की ज्यांचा नियम कोणत्याही पात्राला चिकटवला असता तरी चालला असता. शिवाय पत्ता बाजारात आला म्हणून त्याचे काम संपत नाही. कथा एकदा लिहिली की तशीच राहते; खेळात मात्र एखादा पत्ता फार जिंकू लागला की त्याला कात्री लावावीच लागते, आणि ती लावताना कथेला कोणी विचारत नाही.

हार्थस्टोनमधल्या योग-सॅरॉनचेच पाहा. वेड लावणारा हा प्राचीन देव २०१६ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा त्याचा नियम असा होता की, तुम्ही डावात जितके मंत्र वापरले असतील तितके यादृच्छिक मंत्र तो स्वतः टाकेल, मग ते कोणावर पडतात याची त्याला फिकीर नाही. स्वतःच्याच मंत्राने तो मेला तरी उरलेले मंत्र सुटतच राहत. वेडेपणा म्हणून हे अस्सल होते. परंतु स्पर्धांमधले मोठे सामने नशिबाच्या एका झटक्यात फिरू लागले, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला वेसण घालण्यात आली आणि तो मेला की मंत्रही थांबू लागले. कथेच्या दृष्टीने हा देव निवळला. खेळाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, आणि मी तिथे असतो तर तोच घेतला असता.

ग्वेंटमध्येही २०१८ च्या मोठ्या फेरबदलात तीन रांगांच्या दोन रांगा झाल्या आणि वेढ्याच्या यंत्रांची स्वतंत्र रांग गेली. उत्तरेच्या राज्यांचे गोफणयंत्र आता धनुर्धाऱ्यांच्या शेजारी उभे राहते. त्यामुळे गेराल्ट राक्षसांच्या डेकमध्ये दिसतो हा मला दोष वाटत नाही. डेक बांधण्याचे स्वातंत्र्य दिले की असे प्रसंग येणारच, आणि ते स्वातंत्र्य काढून घेतले तर खेळाडूला करण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

तिसरा_प्रहर:

कात्री लावावी लागते हे मान्य. तरीही एकाच संचात, एकाच वेळी, कथेशी पूर्ण इमान आणि पूर्ण फारकत अशा दोन्ही गोष्टी कशा घडतात याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिथे दोष तोल सांभाळण्याचा नव्हता. २०२३ च्या जूनमध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा, टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर आधारलेला संच आला आणि तो 'अरीना' या त्याच्या डिजिटल आवृत्तीतही खेळता येतो.

त्यात 'द वन रिंग' नावाचा पत्ता आहे. उतरताच तो तुम्हाला पुढच्या खेळीपर्यंत सर्व गोष्टींपासून अभय देतो. त्यानंतर तो वापरला की त्याच्यावर ओझ्याची एक खूण चढते आणि जितक्या खुणा असतील तितके नवे पत्ते हातात येतात: पहिल्यांदा एक, मग दोन, मग तीन. पण तुमच्या प्रत्येक खेळीच्या आरंभी जितक्या खुणा तितके आयुष्यही जाते. हा पत्ता खेळताना काय होते ते अनुभवण्यासारखे आहे. हातात पत्त्यांची चळत असते, डाव जवळजवळ जिंकलेला असतो, आता अंगठी न वापरली तरी चालणार असते, आणि तरीही हात तिकडेच जातो. टोल्कीनच्या कथेतली माणसे ज्या मोहात सापडतात तो मोह इथे पात्राला होत नाही, खेळणाऱ्याला होतो. कथेशी प्रामाणिक असण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता त्याच संचातला दुसरा नियम पाहा. अनेक पत्त्यांवर 'अंगठी तुम्हाला मोहात पाडते' असे लिहिलेले आहे. तसे झाले की तुमच्या एका पात्राला अंगठीवाहक म्हणून निवडायचे आणि मोहाच्या चार पायऱ्यांवर त्याला एकामागून एक शक्ती मिळत जाते. तोटा मात्र एकाही पायरीवर होत नाही. इतकेच काय, फ्रोडोचा एक पत्ता असा आहे की, अंगठीने तुम्हाला डावात चार किंवा अधिक वेळा मोहात पाडले असेल आणि फ्रोडोचा घाव प्रतिस्पर्ध्याला बसला, तर तो प्रतिस्पर्धी तत्काळ हरतो. म्हणजे जितका मोह अधिक, तितका विजय जवळ! कथेत हाच फ्रोडो अगदी शेवटच्या क्षणी, अग्नीच्या काठावर, अंगठी टाकायला नकार देतो, आणि ती नष्ट होते ती तिच्यासाठी हपापलेल्या गॉलमशी झालेल्या झटापटीमुळे. ज्या गोष्टीचे नाव मोह, तिची काहीच किंमत मोजावी लागत नसेल, तर तिला बक्षीस म्हणावे.

जाता जाता एक गमतीचा भाग. नियमाप्रमाणे नाझगूलचे पत्ते डेकमध्ये नऊपर्यंत ठेवता येतात, एरवीची मर्यादा चारची असताना. नऊ अंगठीस्वारांसाठी केलेली ही सोय वाचून मी खरोखर खूश झालो. पण जगात एकच असलेल्या त्या अंगठीला मात्र चारचीच मर्यादा लागू आहे, त्यामुळे काही प्रकारच्या सामन्यांत डेकमध्ये चार 'एकमेव' अंगठ्या चालतात. दोन एकदम पटावर राहू शकत नाहीत, म्हणून खेळाडू दुसरी उतरवून ओझे चढलेली पहिली टाकून देतात, पुन्हा एक खेळीचे अभय मिळवतात आणि ओझे शून्यापासून मोजू लागतात. अंगठीचे ओझे उतरवण्याचा इतका सोपा उपाय बिचाऱ्या फ्रोडोला कोणी सांगितला नव्हता.

तराजू:

चार अंगठ्यांचा मुद्दा माझ्याच म्हणण्याला बळ देतो: एकटा पत्ता कथेशी इमान राखू शकतो, डेक नाही.

ग्रंथकीटक:

सर्वांचे आभार. अंगठीचे उदाहरण वाचून माझा प्रश्न मलाच अधिक स्पष्ट झाला. पत्त्याने पात्राचे वर्णन करावे एवढीच माझी अपेक्षा नव्हती; त्या पात्राला जो निर्णय घ्यावा लागतो तसाच निर्णय पत्त्याने माझ्यापुढे ठेवावा, असे मला म्हणायचे होते. 'लेजेंड्स ऑफ रुनेटेरा' या डिजिटल पत्त्यांच्या खेळाबद्दल बरेच चांगले ऐकले आहे. तिथे काय स्थिती आहे? आणि तराजू म्हणतात तसे डेकच्या पातळीवर सगळेच विस्कटते का?

पाने_पिसणारा:

रुनेटेरात प्रत्येक नायकाच्या पत्त्याला एक अट असते आणि ती पूर्ण झाली की त्याचा पत्ता बदलून अधिक बलवान होतो. या अटींमध्ये बरीच कथा भरलेली आहे. तलवारबाज फिओराने चार शत्रू मारले आणि ती स्वतः जिवंत राहिली, तर डाव तिथेच जिंकला जातो; बाकीची लढाई कुठेही असो. द्वंद्वयुद्धावर जगणाऱ्या बाईसाठी हे चपखल आहे, आणि तिला पुढे पाठवायचे की जपायचे ही घालमेलही खरी आहे. ट्रिंडामियर मरणार असेल त्याच क्षणी मरण नाकारून बलवान होतो. ॲनिव्हिया मेली की मागे अंडे उरते. नायक एकमेकांना ओळखतात, समोरासमोर आले की एकमेकांना उद्देशून बोलतात, आणि दुय्यम पत्त्यांवरही इतकी चित्रे आणि कथा आहेत की 'लीग ऑफ लेजेंड्स' या मूळ खेळापेक्षा त्या प्रदेशांची ओळख मला इथेच अधिक झाली.

डेकची अडचण मात्र तिथेही आहे. कोणतेही दोन प्रदेश जोडता येतात, तेव्हा डेमासिया आणि नॉक्सस हे हाडवैरी एकाच झेंड्याखाली लढताना दिसतील.

तिसरा_प्रहर:

डेकच्या पातळीवर कथा टिकवलेले एक उदाहरण आहे, आणि तेही ग्रंथकीटक यांच्याच विश्वातले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ग्वेंटच्या नियमांवर बेतलेला 'थ्रोनब्रेकर' हा एकट्याने खेळायचा खेळ आला. लिरिया आणि रिव्हियाची राणी मेव्ह त्यात नायिका आहे. 'बाप्टिझम ऑफ फायर'मध्ये यारुगा नदीवरच्या पुलाच्या लढाईनंतर गेराल्टला सरदारकी बहाल करणारी तीच ही राणी. इथे डेक म्हणजे तिचे सैन्य असते. वाटेत घेतलेल्या निर्णयांमुळे एखादा सोबती नाराज होऊन निघून गेला, तर त्याचा पत्ताही डेकमधून जातो, आणि पुढच्या लढाईत त्याची उणीव जाणवते. गावकऱ्यांचे धान्य सैन्यासाठी उचलायचे की नाही, असे प्रश्न समोर येतात तेव्हा तुम्ही पत्त्यांचा आणि माणसांचा विचार एकदमच करत असता.

यात समोर दुसरा खेळाडू नसल्यामुळे तोल सांभाळण्याची सक्ती बरीच सैल होते, हे तराजू यांना अर्थातच दाखवून देता येईल. तरीही तुम्हाला हवा असलेला निर्णय तिथे मिळेल, आणि गेराल्ट राक्षसांच्या रांगेत उभा दिसणार नाही.