मुंबईच्या कोटाचे अवशेष: एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न: फोर्ट भागात रोज कामाला येतो, पण ज्या कोटावरून या भागाला नाव पडले तो कोट कधी दिसला नाही. त्याचे काही उरले आहे का, आणि जवळचे किल्ले एका दिवसात पाहून होतील का?

उत्तर १: तटबंदी १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडली गेली आणि चर्चगेट, बझार गेट ही वेशींची नावे तेवढी मागे राहिली. मात्र सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात कोटाला जोडून बांधलेल्या फोर्ट जॉर्ज या किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. कोटातला मूळ किल्ला, बॉम्बे कॅसल, नौदलाच्या ताब्यात असल्याने तिथे सहज प्रवेश मिळत नाही.

उत्तर २: मी शीव आणि शिवडीपासून सुरुवात करण्याचे सुचवेन. शीवचा किल्ला टेकडीवर आहे आणि तो तिथेच का बांधला, हे वर गेल्याशिवाय कळत नाही: पलीकडचे साष्टी बेट तेव्हा पोर्तुगिजांकडे होते, आणि इंग्रजांना खाडीच्या वाटेवर नजर ठेवायची होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तर इंग्रजांना मराठ्यांची एवढी धास्ती वाटू लागली की त्यांनी कोटाबाहेर खंदक खणला.

उत्तर ३: वांद्र्याचा १६४० चा पोर्तुगीज किल्ला संध्याकाळसाठी ठेवावा. माहीम मात्र वेगळ्या दिवशी पाहावा.