‘साइटेशन’ला मराठीत काय म्हणावं?

म्हापसा: शाळेच्या विज्ञान अंकासाठी लेख लिहितोय: देशादेशांतलं संशोधन मोजतात कसं? ‘साइटेशन’ला, म्हणजे एका शोधनिबंधात दुसऱ्या शोधनिबंधाची घेतलेली नोंद, तिला ‘उद्धरण’ लिहिलं, तर मुख्याध्यापकबाईंनी विचारलं, कुणाचा उद्धार झाला? दुसरा शब्द सुचवा.

फोंडा: दाखला! कीर्तनकार ज्ञानेश्वरीतला दाखला देतात तसा.

म्हापसा: भाऊ, गोव्यात ‘40 दाखले मिळाले’ लिहिलं तर लोकांना पंचायतीच्या खेपाच आठवतील.

दोनापावल: उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेणं. इथे बहुतेकदा एकही शब्द घेतलेला नसतो, आधीच्या कुणाच्या कामाचा आधार घेतला एवढंच सांगितलेलं असतं. ‘संदर्भ’ जवळचा आहे, पण त्यात घोटाळा होतो. मी दिलेले संदर्भ माझ्याच शोधनिबंधाच्या शेवटी असतात. मोजतात ते इतरांनी माझ्या निबंधाचे घेतलेले. म्हणून मी ‘उल्लेख’ लिहितो. त्यात कौतुक गृहीत नाही हेही बरं, कारण चूक दाखवायला केलेला उल्लेखसुद्धा मोजणीत धरतात.

‘इम्पॅक्ट’चा ‘प्रभाव’ मात्र जपून वापरा. माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्डचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा झालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या. तो नियतकालिकाचा, एकेका निबंधाला लावू नये (लावतात सर्रास!). ‘प्रभावांक’ रूढ झालाय, राहू दे. देशाबद्दल लिहिताना सरळ ‘दर निबंधामागे उल्लेख’ म्हणा. निबंधांच्या संख्येत भारत चीन-अमेरिकेच्या मागोमाग आहे, पण दर निबंधामागे पाहिलं की चिमुकलं स्वित्झर्लंड आपल्या कितीतरी पुढे. शिवाय वैद्यकात उल्लेखांचा पाऊस आणि गणितात रिमझिम, त्यामुळे नुसती सरासरीही फसवते. म्हणून विषय आणि वर्ष जुळवून जगाची सरासरी 1 धरतात; आकडा 1च्या वर गेला की उल्लेख जगाच्या सरासरीहून जास्त.

फोंडा: आणि एच-इंडेक्स?

दोनापावल: ‘एच-निर्देशांक’ लिहा. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी तो 2005 मध्ये एकेका शास्त्रज्ञासाठी सुचवला: प्रत्येकी किमान 20 उल्लेख झालेले 20 निबंध असले की निर्देशांक 20. देशाला लावला की ज्याचे निबंध जास्त त्याचंच पारडं जड. मला तो देशासाठी पटत नाही.

वास्को: ‘आउटपुट’ला कृपया ‘उत्पादन’ नको. उत्पादन काजूचं. ‘निबंधसंख्या’ पुरे, पण मोजणी कशी केली ते लिहाच. अरबी समुद्रातल्या प्राणवायूवर भारत, जर्मनी, अमेरिका यांनी मिळून निबंध लिहिला तर ‘पूर्ण मोजणी’त तिघांच्याही खात्यावर एकेक, ‘अपूर्णांक मोजणी’त एकेक तृतीयांश.

म्हापसा: आपणच आपला केलेला तो ‘स्वउल्लेख’?

दोनापावल: हो. पण देशाच्या हिशेबात भारतीयाने दुसऱ्या भारतीयाचा केलेलाही त्यातच धरतात. तिथे ‘देशांतर्गत उल्लेख’ लिहा.