मदत हवी आहे: बियाण्याच्या बटाट्यासाठी २५ टनांची शीतखोली, मशीन किती टीआरचं (टन रेफ्रिजरेशन, १ टीआर म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट थंडावा) घ्यावं? (इंदूर)

राऊकर

नमस्कार मंडळी. राऊजवळ पत्र्याच्या शेडमध्ये शीतखोली उभी करतो आहे. माप ६ × ५ मीटर, उंची ३.५ मीटर. भिंती आणि छत १०० मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलचं. माल मार्चमध्ये भरायचा, ४ अंशांवर ठेवायचा आणि ऑक्टोबरात काढायचा. ५० किलोच्या ५०० गोण्या, म्हणजे २५ टन. येताना बटाटा साधारण २८ अंशांचा असेल.

माझा हिशेब असा: २५,००० किलो × ३.५ (बटाट्याची विशिष्ट उष्णता) × २४ अंश = २१ लाख किलोज्यूल. २४ तासांत काढायचे तर २४.३ किलोवॅट, म्हणजे जवळपास ७ टीआर. भिंती, दार वगैरे धरून ८ टीआर. मशीनवाला मात्र म्हणतो, ३ टीआर पुष्कळ झालं. इतकी तफावत कशी? आणि फरशीखाली इन्सुलेशन टाळलं तर चालेल का?

थंडहवा

आधी तीन गोष्टी सांगा. रोज किती गोण्या आत जाणार? पत्रा आणि पॅनेलचं छत यांत अंतर किती? आणि सगळा माल बियाण्याचाच आहे ना? चिप्सचा बटाटा ४ अंशांवर ठेवला तर त्यात साखर वाढते आणि तळल्यावर काप काळे पडतात. तो १० ते १२ अंशांवर लागतो, त्यामुळे दोन्ही माल एका खोलीत जमणार नाहीत.

राऊकर

रोज १०० गोण्या, पाच दिवस. पत्रा छतापासून दीड मीटर वर आहे. फक्त बियाणं.

मापतोल

तुमचा गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलं आहे. २५ टन एका दिवसात आत येत नाहीत, आणि बियाण्याचा बटाटा एका दिवसात २८ वरून ४ वर आणायचाही नसतो. काढणीत सालीला झालेल्या जखमा भरायला १५ अंशांच्या आसपास १० ते १५ दिवस द्यावे लागतात. त्यानंतर रोज अर्धा ते एक अंश खाली. तेव्हा सर्वात जड दिवस म्हणजे भरणीचा पाचवा: २० टन आत १५ अंशांवर, ५ टन नवा माल, दार सतत उघडं. हिशेब त्या दिवसाचा करा, तोही किलोवॅट-तासांत, म्हणजे बेरीज चुकत नाही.

नवा माल: ५,००० × ३.५ × १३ अंश = २,२७,५०० किलोज्यूल. भागिले ३,६०० = ६३.

भिंती, छत, फरशी: १०० मिमी पफचा यू (एका अंशाच्या फरकाला चौ. मीटरमागे किती वॅट आत येतात ते) ०.२३ धरा. भिंती ७७ चौ. मी., बाहेर ३६ अंश, फरक २१. ७७ × ०.२३ × २१ = ३७२ वॅट. छताला पत्र्याखालची हवा लागते, ती ४५ धरा. ३० × ०.२३ × ३० = २०७ वॅट. फरशीखाली जमीन २८ अंश, तिथे ९० वॅट. एकूण ६६९ वॅट, दिवसाला १६.

बटाट्याचा श्वास: बटाटा जिवंत आहे, तो उष्णता सोडत राहतो. १५ अंशांना टनामागे ३५ वॅट धरले तर २५ टनांचे ८७५ वॅट, दिवसाला २१. बहुतेकांच्या कागदावर ही ओळ नसतेच.

दारातून येणारी हवा: खोलीची १०५ घनमीटर हवा भरणीच्या दिवशी २० वेळा बदलते असं धरा. मार्चच्या कोरड्या हवेत घनमीटरमागे सुमारे १८ किलोज्यूल, म्हणजे साडेदहा.

कूलरचे (खोलीतल्या थंड कॉइलचे) पंखे ८, चार हमाल सहा तास ५. एलईडी दिवे आणि गोणपाट सोडून द्या.

बेरीज १२३.५. दहा टक्के वाढवून १३६. कॉम्प्रेसर चोवीस तास पळवायचा नसतो, डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) आणि वीज जाणं धरून १८ तास घ्या: साडेसात किलोवॅट, म्हणजे २.१५ टीआर.

मे महिन्यात ४ अंशांवर नुसतं टिकवायला साडेतीन किलोवॅट, जेमतेम १ टीआर लागतो. तुमचं ८ टीआरचं मशीन तेव्हा दर दोन-चार मिनिटांनी बंद-चालू होत राहिलं असतं. त्यात ओलावाही सांभाळला जात नाही आणि कॉम्प्रेसरही टिकत नाही.

फरशी टाळू नका. वरचे ९० वॅट खाली १०० मिमी पफ स्लॅब धरूनच आहेत. क्रम असा: कोबा, त्यावर डांबरी फेल्ट (बाष्परोधक, उबदार बाजूलाच हवा), पफ सांधे चुकवून दोन थरांत, वर पातळ प्लास्टिक, मग ७५ ते १०० मिमी काँक्रीट. थप्पीचं वजन त्यावरच येतं.

थंडहवा

एक महत्त्वाचं जोडतो. "३ टीआर" कोणत्या तापमानाला, हे कोटेशनवर लिहून घ्या. एसीच्या पद्धतीचा आकडा एव्हॅपोरेटर (आतली थंड कॉइल) +७ अंशांना धरून असतो. तुमची खोली ४ वर गेली की कॉइल उणे ३ च्या आसपास चालेल. सक्शन (कॉइलमधल्या वायूचं तापमान) एक अंश उतरलं की क्षमता अंदाजे ३ ते ४ टक्के घटते, वर इंदूरच्या उन्हात कंडेन्सिंग (बाहेरच्या गरम कॉइलचं तापमान) ५५ अंशांपर्यंत चढतं. म्हणजे नावाचं ३ टीआर, साडेदहा किलोवॅटचं मशीन तिथे ६ ते साडेसहा किलोवॅटच देईल.

राऊकर

म्हणजे ३ टीआर पुरेल की नाही? आणि खोली आधीच ४ वर आणून माल भरला तर?

मापतोल

१५ अंशांवर भरणी केली तर पुरेल. तेव्हा कॉइल ७ अंशांजवळ असते, मशीन जवळपास पूर्ण क्षमता देतं आणि गरज साडेसात किलोवॅटची आहे. नंतर रोज एक अंश उतरवताना २५ टनांचे २४ किलोवॅट-तास निघतात. बाकी सगळं धरून गरज साडेपाच किलोवॅटच्या आत राहते, तीही बसते.

खोली थेट ४ वर ठेवली तर नव्या मालाचेच ११७ किलोवॅट-तास होतात, दारातून येणाऱ्या हवेचे २८, बाकी धरून बेरीज १९५. दहा टक्के आणि १८ तास धरून १२ किलोवॅट, आणि मशीन देणार त्याच्या निम्मे. खोली ९-१० वर अडकेल, नव्या मालाची वाफ जुन्या थंड गोण्यांवर धरेल, आणि सडायला सुरुवात तिथूनच होते.

कूलर घेताना कॉइल आणि खोलीतला फरक ५ ते ६ अंशांचा मागा. भाव कमी करण्यासाठी लहान कॉइल देतात. तिथे फरक १० वर जातो, आर्द्रता ९० टक्क्यांच्या खाली येते आणि बटाटा सुरकुततो. वजन घटतं ते वेगळंच.

ओलीहवा

दाराची काळजी सगळे मे महिन्यात करतात, करायला हवी जुलैत. ४१ अंश, १५ टक्के आर्द्रतेची हवा ४ अंशांवर आणायला घनमीटरमागे सुमारे ५४ किलोज्यूल लागतात; २७ अंश, ८८ टक्क्यांच्या हवेला ७८. वर ते पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसतं. पावसाळ्यात डीफ्रॉस्टचे फेरे वाढवा आणि दाराला पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा लावाच.

ताजी हवा पहाटे द्या, कार्बन डायऑक्साइड साचू देऊ नका. थप्पी भिंतीपासून २० सेंमी दूर, खाली लाकडी पट्ट्या, आणि कूलरच्या झोतासमोर वरती निदान अर्धा मीटर मोकळं. हवा थप्पीच्या मधोमध पोचली नाही तर कंट्रोलर ४ दाखवतो आणि मधल्या गोणीत ९ असतात. म्हणून दोन सेन्सर मधल्या गोण्यांत खुपसून ठेवा.

आणि ऑक्टोबरात माल ४ वरून थेट बाहेर काढू नका. आधी मशीन बंद करून पंखे चालू ठेवत दोन-तीन दिवसांत १२ ते १५ अंशांवर येऊ द्या, नाहीतर गोणीतल्या प्रत्येक बटाट्याला पाणी सुटतं.